जीआय बिल घेऊन रेसिडेन्सी: माझा अनुभव

चालतं. रेसिडेन्सीत, म्हणजे डॉक्टरच्या हॉस्पिटलातल्या पगारी विशेषज्ञ प्रशिक्षणात, जीआय बिल, म्हणजे अमेरिकेची माजी सैनिकांसाठीची शिक्षणाची सवलत, चालतं का, असं मला बरेच जण विचारतात, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. अमेरिकी सैन्यात ठरलेली मुदत पूर्ण करून सन्मानाने बाहेर पडलेला डॉक्टर रेसिडेन्सी करत असेल, तर हॉस्पिटलच्या पगाराखेरीज त्याला दरमहा करमुक्त घरभाडे भत्ता मिळू शकतो. मी तो जुलै २०२१ ते जून २०२४ अशी तीन वर्षं घेतला. पण तो आपोआप सुरू होत नाही, आणि ज्यांनी सांगायला हवं त्यातल्या बऱ्याच जणांना तो माहीतच नसतो.

माझं एमबीबीएस मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं. लग्नानंतर २०११ च्या सुरुवातीला नवऱ्याच्या मागोमाग एच-४ व्हिसावर टेक्सासला आले. तेव्हा एच-४ वर नोकरी करता येत नव्हती. काही जणांना ती मुभा मिळाली ती थेट २०१५ च्या मेमध्ये. इथे डॉक्टरकी करायला लागणाऱ्या परीक्षांची फी, कोचिंग, ओळख नसलेल्या हॉस्पिटलांत फुकट उभं राहणं, सगळं एका पगारात बसवायचं. मग कुणीतरी मॅव्हनीबद्दल सांगितलं. ग्रीन कार्ड नसलं तरी दोन वर्षं कायदेशीर व्हिसावर राहिलेल्या आणि सैन्याला हवी ती भाषा येणाऱ्या माणसांना भरती करून घेणारी ही योजना २००९ मध्ये सुरू झाली होती. २०१६ मध्ये नवीन अर्ज घेणं बंद झालं, त्यामुळे हा रस्ता आता कुणी विचारू नका. मी हिंदीच्या जोरावर गेले. फोनवर तोंडी परीक्षा झाली. समोरच्या बाई शुद्ध लखनवी बोलत होत्या आणि माझ्या हिंदीतून मिरज डोकावत होती, पण पास झाले.

बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना फोन केला तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डॉक्टर होऊन बंदूक धरणार? मग मी ती कशाला धरली होती?" त्यांची समजूत काढायला दोन-तीन महिने गेले.

२०१३ च्या शरदात फोर्ट जॅक्सनला बेसिक ट्रेनिंग झालं आणि त्याच्या शेवटी नागरिकत्वाची शपथ. पुढे सॅन अँटोनियोच्या फोर्ट सॅम ह्यूस्टनला मेडिकचं, म्हणजे जखमी सैनिकांवर पहिले उपचार करणाऱ्याचं, प्रशिक्षण, मग एल पासोच्या फोर्ट ब्लिसला नेमणूक. टूर्निकेट, म्हणजे रक्तस्राव थांबवायचा पट्टा, किती सेकंदांत बांधायचं हे एकोणीस वर्षांची मुलं मला शिकवत होती आणि ती बरोबरच शिकवत होती. नोकरीत असतानाच यूएसएमएलईची, म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरी परवान्यासाठीच्या परीक्षांतली, पहिली परीक्षा दिली. सप्टेंबर २०१७ मध्ये चार वर्षं पूर्ण करून बाहेर पडले.

आता कागदांकडे येते.

बाहेर पडताना हातात जो कागद मिळतो तो डीडी-२१४. त्याच्या बऱ्याच प्रती निघतात. आपल्याला हवी ती चौथी प्रत, कारण सेवा कशी संपली हे तिच्यावर लिहिलेलं असतं. जीआय बिलासाठी तिथे 'ऑनरेबल' हा शेरा लागतो. 'ऑनरेबल परिस्थितीत सर्वसाधारण' असा शेरा असेल तर इतर बऱ्याच सवलती मिळतात, ही मात्र मिळत नाही. माझ्या युनिटमधल्या एका मुलाला हे बाहेर पडल्यावर कळलं. तेव्हा सही करण्याआधी तो चौकोन वाचा. मी त्याच दिवशी स्कॅन करून एक प्रत ईमेलवर ठेवली आणि एक बाबांना पाठवली. त्यांनी ती लॅमिनेट करून कपाटात ठेवलीय, का ते विचारू नका.

जानेवारी २०१८ मध्ये व्हीएच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या खात्याच्या, साइटवर २२-१९९० हा अर्ज भरला. अर्ज तसा सोपा आहे, अर्ध्या तासात होतो. एकाच पानावर थांबून विचार करावा लागतो. बेसिक ट्रेनिंगमध्ये जुन्या माँटगोमेरी जीआय बिलासाठी पहिलं वर्षभर महिन्याला शंभर डॉलर असे बाराशे डॉलर पगारातून कापलेले असतात. नवं, म्हणजे पोस्ट-९/११ जीआय बिल घ्यायचं तर तेव्हा जुन्यावरचा हक्क सोडावा लागायचा, आणि तो निर्णय मागे फिरवता येत नव्हता. माझ्या बाबतीत नवंच फायद्याचं होतं. महिन्याभरात पात्रतेचं पत्र आलं: १०० टक्के हक्क, ३६ महिने, शून्य दिवस. ३६ महिने किंवा जास्त प्रत्यक्ष सेवा झाली की पूर्ण टक्के मिळतात. कमी असेल तर ९०, ८०, ७० असे उतरत जातात. आणि १ जानेवारी २०१३ नंतर बाहेर पडलेल्यांना हा हक्क वापरायला मुदत नाही. आधी ती पंधरा वर्षांची होती, २०१७ च्या कायद्याने काढली. या एका तरतुदीमुळे माझी झोप टिकली, कारण पुढची तीन वर्षं मला तो वापरताच आला नाही.

मोह मात्र खूप झाला. सैन्यातून बाहेर पडल्यावर मी एल पासोतल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत टेक्निशियन म्हणून लागले होते. तासाला मिळणारे पैसे सांगण्यासारखे नव्हते. नवरा म्हणायचा, पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स कर, फी पण सुटेल, भत्ता पण मिळेल, अर्जात शोभेलही. हिशोब केला तर त्यात हक्काचा निम्मा भाग संपत होता. त्याच वॉर्डात नौदलातून आलेला एक नर्स होता. रात्रपाळीत कॉफी पिताना तो म्हणाला, "माझ्या भावाने भूलशास्त्राची रेसिडेन्सी करताना पूर्ण तीन वर्षं भत्ता घेतला. तू आता उडवू नकोस." मला ते खरं वाटेना. रेसिडेन्सीत फी नसते, उलट पगार मिळतो. मग शिक्षणाचा भत्ता कशाचा?

घरी येऊन नियम वाचला. मान्यताप्राप्त संस्थेने मंजूर केलेली आणि एखाद्या विशेषज्ञतेच्या प्रमाणपत्राकडे नेणारी मेडिकल रेसिडेन्सी व्हीए 'संस्थेतलं शिक्षण' म्हणून धरू शकतं. एसीजीएमईची, म्हणजे रेसिडेन्सींना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेची, मान्यता असली की ही अट बसते. इथे एक फरक नीट समजून घ्या. इलेक्ट्रिशियन, प्लंबर किंवा पोलीस भरतीच्या 'कामावरच्या प्रशिक्षणा'तही जीआय बिल मिळतं, पण त्यात भत्ता दर सहा महिन्यांनी उतरतो: आधी १०० टक्के, मग ८०, ६०, ४० आणि शेवटी २०. संस्थेतलं शिक्षण म्हणून मान्यता असेल तर तो तसा उतरत नाही. तुमच्या हॉस्पिटलची मान्यता कुठल्या प्रकारात आहे, हा पहिला प्रश्न विचारा. तीन वर्षांत यातून हजारो डॉलरचा फरक पडतो.

मधली वर्षं पटकन सांगते. २०१८ मध्ये स्टेप टू, म्हणजे यूएसएमएलईची दुसरी परीक्षा. २०१९ मध्ये ह्यूस्टनला जाऊन क्लिनिकल स्किल्सची परीक्षा, नुसती फीच सोळाशे डॉलरच्या घरात (ती परीक्षा आता बंद झालीय, तेव्हा नवीन मंडळींनी सुटकेचा श्वास सोडावा). पहिल्या खेपेला मार्च २०२० मध्ये मॅच झाली नाही, म्हणजे उमेदवार आणि हॉस्पिटलं यांच्या जोड्या लावतात त्यात जागा मिळाली नाही. पदवी घेऊन दहा वर्षं झालेल्या परदेशी डॉक्टरचा अर्ज कित्येक ठिकाणी मशीनच बाजूला काढतं. शंभर ठिकाणी अर्ज म्हणजे दोन हजारांवर डॉलर, आणि वर्षभराने तेच पुन्हा. दुसऱ्या खेपेला कोविडमुळे मुलाखती घरूनच झाल्या. वर कोट, खाली पायजमा. १९ मार्च २०२१ ला ओहायोतल्या एका मध्यम शहरात इंटर्नल मेडिसिन मिळालं. तीन वर्षं, म्हणजे बरोबर ३६ महिने. माझ्या हक्काइतकेच. हा योगायोग बघून मी त्याच रात्री प्रोग्रॅमच्या कोऑर्डिनेटरला ईमेल लिहिला.

उत्तर गोड होतं आणि उपयोगाचं नव्हतं. तिने ते एचआरकडे पाठवलं. एचआरने कळवलं की रेसिडेंट हे कर्मचारी आहेत, जीआय बिल विद्यार्थ्यांसाठी असतं, सबब लागू नाही. हे उत्तर तुम्हालाही मिळेल असं गृहीत धरा आणि वाद घालू नका. एचआरला यातलं माहीत असणं अपेक्षितच नाही. विचारायचं ते ग्रॅज्युएट मेडिकल एज्युकेशनच्या ऑफिसात, आणि प्रश्न "जीआय बिल चालतं का?" असा विचारायचाच नाही. विचारायचं ते हे: "आपला व्हीए सर्टिफायिंग ऑफिशियल कोण?" हा माणूस असल्याशिवाय काहीच होत नाही. तुम्ही खरोखर इथे शिकताय, कधीपासून कधीपर्यंत, हे व्हीएला ऑनलाइन कळवणारा तोच. त्याने कळवलं नाही तर तुमचं पात्रतेचं पत्र नुसतं फ्रेम करून लावायचं.

त्याआधी व्हीएच्या साइटवरच्या जीआय बिल कम्पॅरिझन टूलमध्ये हॉस्पिटलचं नाव शोधलं. युनिव्हर्सिटीच्या नावाखाली सापडलं नाही. हॉस्पिटलच्या मूळ ट्रस्टच्या नावाखाली सापडलं, सोबत त्याचा कोडही. म्हणजे मान्यता होती, कुणीतरी पूर्वी ती घेऊन ठेवली होती. सापडलंच नसतं तर राज्याच्या मान्यता देणाऱ्या एजन्सीकडे, स्टेट अप्रूव्हिंग एजन्सीकडे, हॉस्पिटलला अर्ज करावा लागला असता. प्रत्येक राज्यात ही एजन्सी असते आणि संस्थांना मंजुरी देण्याचं काम तिचं. रेसिडेंटच्या हातात तेव्हा फक्त आठवण करत राहणं उरतं. म्हणून शक्य असेल तर रँक लिस्ट, म्हणजे मॅचसाठीची पसंतीक्रमाची यादी, भरण्याआधीच हे टूल उघडून बघा. फक्त भत्त्यासाठी प्रोग्रॅम निवडा असं नाही, पण दोन सारखेच वाटत असतील तर माहीत असलेलं बरं.

आमच्याकडे घोडं अडलं ते वेगळ्याच जागी. मान्यता होती, पण सर्टिफायिंग ऑफिशियल म्हणून ज्यांचं नाव होतं त्या बाई निवृत्त झालेल्या. नवीन माणूस नेमायला २२-८७९४ नावाचा फॉर्म भरून द्यावा लागतो. तो कुणी भरायचा यावर मे आणि जून गेले. ऑफिसातल्या एका तरुण मुलाच्या गळ्यात हे काम पडलं. तो बिचारा पहिल्यांदा मला म्हणाला, "मी हे कधीच केलेलं नाही, तुम्हाला काय माहीत आहे ते सांगा." मी त्याला नियमाचं पान, हॉस्पिटलचा कोड, माझं पात्रतेचं पत्र, डीडी-२१४ आणि रेसिडेन्सीच्या कराराची पहिली व शेवटची पानं, असं सगळं एकाच पीडीएफमध्ये क्रमाने लावून पाठवलं. त्याने सैन्यातल्या प्रशिक्षणाचं ट्रान्स्क्रिप्टही मागितलं. आधीच्या शिक्षणाचं काही क्रेडिट देता येतं का हे तपासल्याची नोंद संस्थेला ठेवावी लागते. मेडिकच्या प्रशिक्षणाचं रेसिडेन्सीत क्रेडिट शून्य, हे दोघांनाही माहीत होतं, पण कागद लागतो तो लागतोच.

बाबांना यात फार रस. भावाच्या इंजिनिअरिंगला पंतप्रधान शिष्यवृत्ती होती, तिच्या दर वर्षीच्या नूतनीकरणासाठी त्यांनी कॉलेज आणि साताऱ्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांच्यात चपला झिजवलेल्या. "अमेरिकेतही बोनाफाईड लागतं म्हण की," एवढंच बोलले, पण समाधानाने.

१ जुलै २०२१ ला काम सुरू झालं, तेही आयसीयूत, डेल्टाच्या लाटेत. पगार वर्षाला साधारण ५८ हजार, कर कापून हातात येणारा वेगळा. घर बदललं होतं, डिपॉझिट दिलं होतं, नवऱ्याची नोकरी अजून टेक्सासमध्येच, म्हणजे दोन घरांची भाडी. जुलै गेला, ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. मी दर दुसऱ्या सोमवारी त्या मुलाला दोन ओळींचा ईमेल करायचे, तक्रारीचा सूर न लावता: "काही अडलं आहे का? माझ्याकडून काही हवं आहे का?" ऑक्टोबरमध्ये एकदाचं त्याचं लॉगिन सुरू झालं आणि त्याने १ जुलैपासूनची नोंद केली. पुढे व्हीएकडचा वेळ महिन्याभराचा. नोव्हेंबरच्या मध्यात एका पहाटे, नाइट शिफ्टच्या शेवटी, बँकेचा मेसेज आला. चार महिन्यांचे मिळून सहा हजारांच्या आसपास डॉलर. उशीर झाला तरी मागचे पैसे बुडत नाहीत, हे तेव्हा पहिल्यांदा नीट पटलं. पण पहिले चार-पाच महिने हा पैसा नाहीच असं धरून घर चालवा.

रक्कम कशी ठरते? सैन्यातल्या ई-५ (सार्जंट) दर्जाच्या, कुटुंब असलेल्या सैनिकाला त्या पिनकोडवर जो घरभाडे भत्ता मिळतो, तेवढी. पिनकोड तुमच्या घराचा नाही, जिथे शिकता त्या जागेचा. ओहायोत ती महिन्याला पंधराशेच्या आसपास होती. न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियात याच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकते. दर ऑगस्टमध्ये दर बदलतात. पैसे महिना संपल्यावर, पुढच्या महिन्यात येतात. यावर कर नाही, आणि घरकर्ज घेताना बँक हे उत्पन्न म्हणून सहसा धरत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर मोठं घर बघू नका.

दर महिनाअखेरीला फोनवर एक मेसेज येतो: गेल्या महिन्यात तुमचं शिक्षण आधी कळवल्याप्रमाणेच चालू होतं का? 'यस' असं उत्तर पाठवायचं. लागोपाठ दोन महिने उत्तर गेलं नाही की भत्ता थांबतो. मी तो नंबर 'व्हीए पगार' या नावाने सेव्ह केला होता, आणि बहुतेक वेळा सकाळच्या हँडओव्हरला जाताना लिफ्टमध्येच उत्तर द्यायचे. नंबर बदलला तर आधी तिथे कळवा, मग नातेवाइकांना.

सर्टिफिकेशन एका वेळी एकाच वर्षाचं होतं. त्यामुळे पीजीवाय-२ साठी, म्हणजे रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षासाठी, मे २०२२ पासूनच मागे लागले आणि ऑगस्टमध्येच जुलैचे पैसे आले. तिसऱ्या वर्षी तर त्या मुलाचाच मला ईमेल आला. तोवर आमच्याकडे मरीन कोअर आणि हवाई दलातून आलेले आणखी दोघे रेसिडेंट होते, त्यांचंही त्याने सुरळीत केलं.

सुट्टीबद्दल सावध राहा. आमच्यातल्या एकाने बाळाच्या वेळी मोठी रजा घेतली. रजेचे दिवस व्हीएला कळवले गेले ते नंतर, आणि मग जास्त दिलेले पैसे परत मागणारं पत्र घरी आलं. ते पत्र बाजूला ठेवू नका. हप्ते पाडून मिळतात, पण मागावे लागतात. रजा ठरली की त्याच दिवशी सर्टिफायिंग ऑफिशियलला लेखी कळवा.

परीक्षांची फीही जीआय बिलातून परत मिळते, लायसन्सच्या एका परीक्षेला दोन हजार डॉलरपर्यंत. फुकट मात्र नाही, त्या प्रमाणात हक्काचे दिवस कापले जातात. माझे ३६ महिने रेसिडेन्सीत तंतोतंत बसत होते, म्हणून स्टेप थ्रीची फी मी खिशातूनच भरली. ज्यांचे काही महिने तसेही शिल्लक राहणार आहेत त्यांनी जरूर मागावी.

ज्यांना अजून मेडिकल स्कूललाच जायचंय त्यांचं गणित वेगळं. सरकारी कॉलेजात राज्यातल्या विद्यार्थ्यांइतकी पूर्ण फी व्हीए भरतं. खासगीत वर्षाला मर्यादा आहे (२०२४-२५ साठी सुमारे २९ हजार डॉलर), आणि खासगी कॉलेजांची फी तिच्या दुपटीने सहज असते. वरच्या रकमेसाठी यलो रिबन नावाची योजना आहे: कॉलेज जेवढं सोडेल तेवढंच व्हीए घालतं. पण ते १०० टक्के हक्कवाल्यांनाच, आणि किती जागा, किती रक्कम हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं. प्रवेश मिळताच विचारा. शिवाय क्लिनिकल वर्षांत सुट्ट्या नसतात, त्यामुळे चार वर्षांचं शिक्षण ३६ महिन्यांत मावेलच असं नाही. हक्क सत्राच्या मध्येच संपला तर ते सत्र पूर्ण होईपर्यंत मिळत राहतो. आणि सैन्याची हेल्थ प्रोफेशन्स शिष्यवृत्ती यात मिसळू नका. तिथे शिकून झाल्यावर सेवेची वर्षं द्यावी लागतात. जीआय बिलात सेवा आधीच देऊन झालेली असते.

सैन्यात दोन वेगवेगळ्या वेळी नोकरी केलेल्यांसाठी एक बातमी महत्त्वाची. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रुडिसिल खटल्यात सात विरुद्ध दोन असा निकाल दिला. जुनं आणि नवं अशी दोन्ही बिलं स्वतंत्र सेवाकाळांवर कमावली असतील, तर एकूण ४८ महिन्यांपर्यंत लाभ घेता येतो. आमचा मरीनवाला यात बसला आणि फेलोशिपचं, म्हणजे रेसिडेन्सीनंतरच्या पुढच्या प्रशिक्षणाचं, एक वर्ष त्यातून निघेल म्हणून खूश आहे.

३० जून २०२४ ला माझी रेसिडेन्सी आणि हक्क दोन्ही एकाच दिवशी संपले. जुन्या बिलाचे कापलेले बाराशे डॉलर परत मिळतात, पण नव्या बिलाचे महिने भत्ता घेत असताना पूर्ण संपले तरच, आणि तेही शेवटच्या हप्त्यासोबत. थोडे महिने वापरायचे ठेवून सोडून दिले तर ते अडकून राहतात. मला जुलैत आले. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "अकरा वर्षांनी बाराशेचे बाराशेच? व्याज?" व्याज नाही. तुमचे आले नाहीत तर व्हीएच्या साइटवरच्या 'आस्क व्हीए'मधून लेखी विचारा, आणि बेसिक ट्रेनिंगच्या काळातल्या पगाराच्या स्लिपा शोधून ठेवा, कपात झाल्याचा पुरावा तोच.